ऑगस्टचा हिशेब

सहाशे वीस पौंड.
आहेत बँकेतच, पण मी ते डब्यात ठेवलेत असं समजतो,
म्हणजे झाकण उघडताना हात जरा कचरतो.

कार्लाइलमधली रात्रपाळी सकाळी सहाला सुटते.
अंगाला बिस्किटांच्या क्रीमचा वास घेऊन घरी येतो
आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरतो.
एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, एकावर मेतकुटाची,
तिसऱ्यावर चहाचा मग.
चौथा कोपरा कुणाचं ऐकत नाही,
स्वतःला गुंडाळत राहतो.

ऋजुता महिनाभर माझ्याकडे असणार आहे.
अख्खा ऑगस्ट. आठ वर्षांत पहिल्यांदा.
कुठे जाऊ या, विचारलं.
रेडिंगहून दोन दिवसांनी उत्तर आलं: कुठेही.
कुठेही हे गाव नकाशावर नाही.

आइसलंड: वाडगाभर सुपाला अठरा पौंड. खोडलं.
आल्प्स: विमान स्वस्त, पण उतरल्यावर
श्वास घ्यायलाही पदरमोड. खोडलं.
वेल्स: तिची आई आणि मी गेलो होतो एकदा.
वेल्स परवडत होतं.
तेही खोडलं.

खालच्या मजल्यावरच्या कीथ बेलने तंबू काढून दिला.
तीस वर्षं टपाल वाटलेला माणूस,
अजून कुठलंही दार दोनदाच वाजवतो.
म्हणाला, दोघांचा आहे,
म्हणजे दोघं एकमेकांवर रुसलेले नसतील तर.

स्लीपिंग बॅग चॅरिटी शॉपमधली, नऊ पौंडांची.
गालिच्यावर आडवा होऊन पाहिली.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
मी पसरले, आणि चेन छातीशीच अडली.
तिला होईल, म्हणालो.
मग तसाच पडून राहिलो, अर्धा आत अर्धा बाहेर:
तिची उंची आता किती, मला ठाऊक नव्हतं.

खरं सांगायचं तर यादीत एक चोरटा रकाना होता.
फोनला रेंज कुठे मिळते, तिथे पेन्सिलीचा ठिपका.
कंटाळली तर? चौथ्याच दिवशी
परत सोड म्हणाली तर?
आणि परवा तिचा फोन:
बाबा, रेंज अजिबात नसेल असं काही आहे का?
का गं?
असंच.

पुढे विचारलं नाही.
काही प्रश्न तंबूत विचारायचे असतात,
दिवा घालवून,
दोघांची तोंडं छताकडे असताना.

ठिपके खोडरबराने पुसले, उरली पश्चिमेची बेटं.
तिथे तंबू ठोकला तर कुणी हटकत नाही,
वाळूला भाडं नाही, वाऱ्याला तर नाहीच.
ओबानहून बोट, मग दक्षिणेच्या टोकापासून
उत्तरेच्या दीपगृहापर्यंत पायपीट.
पहिल्या बेटाचं नाव बारा.
आपले वाजणार, असं मनात येऊन गेलंच.
चिलटं फार, कीथ बजावतो,
तीच तिथली खरी जमीनदार.

पोहे चार किलो. मूगडाळ. गॅसची नळकांडी पाच.
मोजे तिला नवे, मला आहेत ते.
एसटीसारख्या खडखडणाऱ्या बसचे तीन टप्पे.
तरीही चाळीस पौंड उरत होते,
आणि मी बोटीच्या दरपत्रकाशी आलो.

पंधरा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट.
ऋजुता एकोणीस तारखेला सोळाची होते.

अठराला परतलो तर काही पौंड वाचतात,
एक नळकांडं सुटतं त्यात.
हे मी लिहिलं. मग त्यावर
मेतकुटाची बरणी सरकवून ठेवली.

जाताना एक पूर्ण, एक अर्धं.
येताना दोन पूर्ण.

आकडे एकाखाली एक नीट मांडले,
आणि बेरजेची रेघ ओढायला
हात बराच वेळ उचललाच नाही.